रकाना क्रमांक सात

दिघ्याची टेकडी मी फॉर्म घेऊन चढले
तेव्हा सातवा रकाना आधीच छापून आला होता.
वाशीच्या ऑफिसात कुणीतरी उत्तर टाइप केलं
आणि प्रश्न मागाहून सुचले असावेत:
'प्रस्तावित उपाय – शाश्वतता नेतृत्व प्रशिक्षण,
दोन दिवस, भोजनासह.'
मला फक्त वरचे सहा भरायचे होते.
दिवसाला पंचवीस घरं, घरामागे चाळीस रुपये.

पहिलं घर नसीमा अन्सारींचं.
"रात्री दीडनंतर कंपन्यांचा वास येतो,
कधी नासक्या कांद्याचा, कधी नेलपॉलिशचा.
आमचा ओवेस वासावरून वार सांगतो."
मी लिहिलं: हवा.

हुलवळे मामा एकशे बाराव्या पायरीवर राहतात.
सिलिंडरवाला खालीच थांबतो,
पायरीमागे रुपया मागतो.
गुडघ्यांचा हिशोब वेगळा.
मी लिहिलं: दळणवळण.
लिहिताना जराशी लाज वाटली.

एक बाई बोललीच नाही, कचऱ्याच्या डब्याकडे बोट केलं.
डबा नव्हता.
डब्याची जागा होती, तिथे एक कुत्री व्यायलेली.

आणि पाणी?
"ते पार्बताबाईंना विचारा."

रकाना पाच: अडचण आली की कुणाकडे जाता?
नगरसेवक, वॉर्ड ऑफिस, पोलीस, इतर.
'इतर'वर मी एकोणीस वेळा खूण केली
आणि एकोणीस वेळा तेच नाव.

"आता वेळ नाही," पार्बताबाई सोनटक्के म्हणाल्या,
"पावणेचारला ये."
संध्याकाळी?
त्या हसल्या, आणि पीठ चाळू लागल्या.

पहाटेच्या अंधारात व्हॉल्व्हचं झाकण,
त्यावर दगड, दगडावर त्यांचा पाय.
कमरेएवढी लोखंडी चावी.
"अर्धाच फेरा. पुरा दिलास तर खालचा जॉइंट उडतो.
आधी वरची आळी. वरच्याला मिळालं की खालच्याला मिळतंच.
उलटं करून बघितलंय मी,
दोन वर्षं पुरली ती भांडणं."

शंभर पानी वही, बॅटरी दातांत धरून वाचायची:
हुलवळे – दोन मिनिटं जास्त, पायऱ्या.
अन्सारी – सून बाळंतीण, सव्वा महिना.
चौदा नंबर – भांडतात, तरी द्यायचं.

मी चाचरत प्रशिक्षणाचं सांगितलं.
"जेवायला काय?"
पुलाव असेल.
"अन् माझ्यामागं ही चावी कुणी धरायची,
ते शिकवतात का तुमच्यात?
सासऱ्यानं मला शिकवलं, लेक तळोज्याला गेला.
पाठीत चमक भरली त्या दिवशी
सगळी टेकडी कोरडी राहिली, बाई.
अख्ख्या टेकडीला एकच पाठ असावी का?"

खाली खाडीपलीकडे दिवे लुकलुकत होते.
नळांना आधी हवा आली, मग खोकला, मग पाणी.

घरी येऊन मी सातवा रकाना खोडला.
सगळा नाही. 'प्रशिक्षण' ठेवलं.
'दोन दिवस' काढून लिहिलं: येईपर्यंत.
'भोजनासह'च्या जागी: चहा.
ठिकाण: व्हॉल्व्ह. वेळ: पावणेचार.
पंचवीस फॉर्म, पंचवीसही खोडले.
ऑफिसातून फोन आला:
छापील मजकुरात फेरफार, सगळे बाद.
हजार रुपये गेले. त्या महिन्याची फी मी उशिरा भरली.

गुरुवारी दोघं आली.
ओवेस, डोळे चोळत,
आणि त्या न बोलणाऱ्या बाईची मुलगी,
ती मात्र प्रश्नावर प्रश्न.
ओवेसने नाक वर करून हुंगलं, म्हणाला,
"गुरुवारच आहे."
मग दोन्ही हातांनी चावी धरली
आणि पुरा फेरा दिला.

खालून कुणीतरी ओरडलं. पिंप वाहिलं, शिव्या आल्या.
मी पुढे झाले.
पार्बताबाईंनी मला कोपराने अडवलं.
"मागं घे. अर्धा. मोज," त्या त्याला म्हणाल्या,
आणि चावीकडे जाऊ पाहणारे स्वतःचे हात
पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून
उभ्या राहिल्या.